इम्ब्रॉसच्या घाटातल्या आजोबांस

ती. स्व. आजोबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. मी विचारलं होतं, तुम्ही सांगितलंही होतं. पण तेव्हा पिकअपच्या हौद्यात दोन शेळ्या ओरडत होत्या, त्यांच्याशेजारी माझं फाटकं चाक आदळत होतं आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं. मुलीने शिकून ठेवलं होतं की ग्रीकमध्ये आजोबांना ‘पापू’ म्हणतात. आई म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाला असलं काही म्हणायचं नाही. म्हणून आजोबाच.

हे मराठी तुम्हाला वाचता येणार नाही. पण त्या दिवशी आपण तीन तास बोललो तेही एकमेकांना न कळणाऱ्या भाषांतच, तेव्हा फार बिघडेल असं नाही.

गेल्या जुलैत आम्ही चौघं, म्हणजे आई, बायको, मुलगी आणि मी, गाडी भाड्याने घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावर नऊ दिवस फिरलो. नकाशात बेट चिंचेच्या बुटकासारखं दिसतं. लांबी 260 किलोमीटर आणि रुंदी काही ठिकाणी जेमतेम 12, त्यामुळे घरी बसून वाटलं होतं की आरामात होईल. मधे अडीच हजार मीटरला टेकणारे डोंगर उभे आहेत, हे नकाशात कळत नाही. शिवाय मी ताम्हिणी आणि वरंधा घाट उतरलेला माणूस. घाट काय, कुठलाही चालेल, अशी माझी समजूत.

समजूत नडली नाही, सवय नडली. वीस वर्षं गाडीत उजवीकडे बसतोय, तिथे डावीकडे बसायचं. आपलं अंग रस्त्याच्या ज्या भागात असायला शरीराला सवय आहे तिथेच ते जातं, आणि गाडी हळूहळू उजव्या काठाला लागते. त्यात पहिले दोन दिवस उत्तर किनाऱ्याच्या हमरस्त्यावर गेले. तिथली तऱ्हा अशी की मागून कुणी आलं की आपण अर्धी गाडी कडेच्या पट्टीवर घ्यायची आणि त्याला वाट द्यायची. मी ते इतकं मन लावून शिकलो की हान्या शहरातून दक्षिणेला निघालो, आस्किफूचं पठार ओलांडलं, इम्ब्रॉस मागे टाकून समुद्राकडे उतरायला लागलो, तरी काठ सोडला नाही. तिसऱ्या की चौथ्या वळणावर एक टोकदार दगड बाहेर आला होता. आवाज आधी आला. मग खाली पसरलेला लिबियाचा समुद्र दिसला, आणि तो बघायची इच्छा कुणालाच उरली नव्हती.

डिकीत स्टेपनी नव्हती. तिच्या जागी पांढऱ्या द्रवाची बाटली आणि वीतभर पंप. खिळा गेला असता तर त्या बाटलीचा उपयोग. माझा टायर बाजूने चार बोटं फाटला होता, आत बोट जात होतं. गाडीवाल्यांना फोन केला. मदत पाठवायला तीन-चार तास लागतील म्हणाले, आणि टायर विम्यात येत नाही हेही न विचारता सांगितलं.

तेवढ्यात तुम्ही आलात. काळा शर्ट, पांढऱ्या मिश्या. काही न बोलता आधी मागच्या चाकांना दगड लावलेत, मग स्वतःचा जॅक काढलात. मी विचारलं, “टायर रिपेअर? पॉसिबल?” तुम्ही म्हणालात, “ने.” मी हताश होऊन कठड्यावर बसलो आणि तुम्ही नट सैल करायला लागलात. ‘ने’ म्हणजे हो, हे मुलीने फोनमध्ये शोधून सांगितलं तोवर चाक निघालंही होतं.

बायको आणि मुलगी सावली शोधून गाडीपाशी थांबल्या. आईला वळणावर पत्र्याची एक इवलीशी देवळी दिसली, खांबावर बसवलेली, आत तेलाचा दिवा आणि एक तसबीर. आपल्याकडच्या घाटातली देवी समजून तिने हात जोडले. नंतर कळलं की तिकडे अशा देवळ्या अपघाताच्या जागी लावतात, कुणी गेलं म्हणून, किंवा वाचलं म्हणूनही.

तुमच्या शेजारी बसून मी आलो तोच घाट पुन्हा चढलो. गोळ्यांनी चाळण झालेल्या रस्त्याच्या पाट्यांकडे मी बघत राहिलो, तर तुम्ही बोटांची बंदूक करून हसलात. आस्किफूत दोन बोटं चालवत तुम्ही समुद्राकडे हात केलात आणि ‘इंग्लेझी’ म्हणालात. हे मात्र मला कळलं. मे 1941 मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिकांनी बेट घेतलं, तेव्हा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे हजारो सैनिक याच वाटेने चालत होरा स्फाकियोनच्या किनाऱ्याला पोचले आणि रात्री जहाजांत चढले. मग तीच दोन बोटं माझ्याकडे वळवून तुम्ही इतके हसलात की शेळ्याही गप्प झाल्या.

व्रीसेस गावाजवळच्या दुकानावर पाटी होती. भौतिकशास्त्रातून ओळखीची झालेली अक्षरं जुळवत मी वाचलं, “बौल्कानिझाटेर.” तुम्ही सुधारलंत, “वुल्कानिझातेर.” म्हणजे आपलं व्हल्कनायझिंग! आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पाटीवरचा शब्द इतक्या लांब भेटला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता काही वाईट होत नाही.

चाक बसवून झाल्यावर मी पैसे काढले. तुम्ही हनुवटी वर केलीत आणि जिभेने “च्च” केलंत. याचा अर्थ शोधावा लागला नाही. माझी आजी नको म्हणताना अगदी असंच करायची.

पण हे पत्र चाकासाठी नाही. चाक उशिरा का होईना, कुणीतरी बसवलंच असतं. तुम्ही मला नंतर झापलंत, त्याच्यासाठी आहे. माझ्या बाहीला धरून खाली बसवलंत, धुळीत काटकीने रस्ता काढलात, मधोमध रेघ मारलीत. आगपेटी म्हणजे गाडी. तिच्यावर डाव्या बाजूला एक खडा ठेवलात आणि माझ्या छातीवर बोट आपटलंत. तो खडा मी. आगपेटी काठाला नेऊन डोकं धरलंत. मग ती अशी सरकवलीत की खडा मधल्या रेघेजवळ राहील, आणि माझा डावा खांदा दोनदा थोपटलात. चालवणाऱ्याचा खांदा रस्त्याच्या मध्याकडे. तिकडेही तेच, इकडेही तेच. इतकी साधी गोष्ट वीस वर्षांत माझ्या कुणी ध्यानात आणून दिली नव्हती. “सिगा-सिगा,” म्हणालात, म्हणजे सावकाश, आणि शेळ्या घेऊन निघून गेलात.

पुढचे सहा दिवस मी खांदा सांभाळत चालवलं. प्रेवेलीचा किनारा, क्नोसोसचा प्राचीन राजवाडा, पार पूर्वेला तिकडच्या वाईचं खजुरीचं बन. काठावर एक ओरखडा नाही.

जाताना तुम्ही पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून दिलेली राकी, म्हणजे तिकडची कडक दारू, आईने त्या रात्री पाणी समजून एक मोठा घोट प्यायली. ठसका गेल्यावर म्हणाली, “माणूस चांगला होता हो.” उरलेली आमच्या फ्रीजरमध्ये आहे. बाटलीवर तिने चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हे पाणी नाही.

आपला नम्र,
लाल गाडीवाला