अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांना एका मराठी नर्सचं खुलं पत्र

शिक्षणमंत्री मॅडम, नमस्कार.

मी मूळची सोलापूरची, गेली बरीच वर्षं इकडे मेरीलँडमध्ये नर्स आहे. मराठीत लिहितेय कारण इथे आपल्या कितीतरी मुली नर्सिंग करतायत आणि हा त्यांच्याही फीचा प्रश्न आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये तुमच्या खात्याच्या समितीने विद्यार्थ्यांच्या सरकारी लोनसाठी प्रोफेशनल कोर्सेसची जी यादी धरली त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, डेंटिस्ट आहेत, नर्स नाहीत. म्हणजे जुलै 2026 पासून यादीतले कोर्स करणाऱ्यांना एकूण 2 लाख डॉलरपर्यंत सरकारी लोन आणि नर्सिंगमध्ये मास्टर्स, डॉक्टरेट करणारीला 1 लाखावर फुलस्टॉप.

मॅडम, यावरून नर्सेसच्याच एका संस्थेची गोष्ट सांगते. तुमचं ऑफिस वॉशिंग्टनमध्ये आहे ना, तिथेच फ्रीडमन्स हॉस्पिटल होतं, 1862 मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी सुरू झालेलं. तिथे 16 ऑक्टोबर 1932 ला एलीन कॅरिंग्टन ईवेल आणि अजून 11 कृष्णवर्णीय नर्सेसनी ‘काय ईटा फाय’ (Chi Eta Phi) नावाची सोरोरिटी, म्हणजे भगिनी-मंडळासारखी संस्था, काढली. ही नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या नर्सेसची संस्था, आता पुरुष नर्सही मेंबर आहेत. तो काळ कसला होता बघा, दक्षिणेत कितीतरी राज्यांत नर्सेस असोसिएशनमध्ये त्यांना घेतच नव्हते, आणि 1941 मध्ये आर्मीने कृष्णवर्णीय नर्स घ्यायच्या ठरवल्या त्या फक्त 56! ते कोटा प्रकरण कृष्णवर्णीय नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेच्या नेत्या मेबल स्टॉपर्स यांनी भांडून भांडून जानेवारी 1945 मध्ये संपवलं.

‘काय ईटा फाय’च्या बायकांनी नुसतं भांडण केलं नाही. विद्यार्थिनींना स्कॉलरशिप, नवीन मुलींना हाताशी धरून शिकवणं, वस्त्यांमध्ये आरोग्याची माहिती देणं, हे सगळं आपली ड्युटी सांभाळून, आणि आजही चालू आहे. मेरी महोनी, 1879 मध्ये बॉस्टनला ट्रेनिंग पूर्ण केलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय नर्स, त्यांच्या कबरीवर 1973 मध्ये स्मारक उभं राहिलं ते याच संस्थेने अमेरिकन नर्सेस असोसिएशनला सोबत घेऊन केलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, आपल्या आधीच्या बाईला विसरायचं नाही म्हणून.

पण तुमच्यासाठी खरी महत्त्वाची आहे ती एस्टेल मॅसी ऑस्बर्न, या संस्थेच्या मानद सदस्य. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या रोझेनवाल्ड फंडाच्या स्कॉलरशिपवर त्या कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजला गेल्या आणि 1931 मध्ये नर्सिंगमध्ये मास्टर्स करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय नर्स ठरल्या, नंतर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवलं. पैसा मिळाला म्हणून शिकल्या आणि शिकल्या म्हणून पुढच्यांना शिकवू शकल्या, इतकं सरळ आहे हे.

नर्सिंग कॉलेजात शिकवायला मास्टर्स, डॉक्टरेट झालेल्याच बायका लागतात. त्यांचं लोन आखडलं तर ज्यांच्या घरी पैसा नाही त्याच आधी गळणार, आणि मग नवीन नर्सेसना शिकवणार कोण? म्हणून सांगते, नर्सिंगच्या मास्टर्स आणि डॉक्टरेटला त्या यादीत घ्या, आणि निर्णय घेण्याआधी ‘काय ईटा फाय’च्या सिस्टर्सना एकदा समोर बसवून ऐका.

आपली,
एक नर्स, मेरीलँड