बासवर कोण आहे, तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जॅझच्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांवर आलेला लेख वाचला. 'सध्या काय ऐकताय?' असे एकमेकांना विचारत राहायचे आणि उत्तर म्हणून कव्हरचा फोटो पाठवून द्यायचा, हा या मंडळींचा रोजचा उद्योग लेखकाला निव्वळ मिरवणे वाटतो. थोडेफार ते आहेच. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर, वाजणारा भाग संपून लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते तिथे, कानासारखा दिसणारा बारीकसा 'पी' कोरलेला असतो. रेकॉर्ड प्लास्टिलाइटच्या कारखान्यात, म्हणजे साधारण १९६६ पर्यंतच्या काळात निघाल्याची ती खूण. हा कान सापडला की काही जणांना स्वतःचे कान वापरायची गरज उरत नाही, हे मलाही मान्य आहे.

पत्र लिहायला बसलो ते मात्र लेखाखालच्या चौकटीमुळे. 'संग्राहक सध्या काय ऐकत आहेत' या मथळ्याखाली आपण रेकॉर्डची यादी दिली आहे. प्रत्येकीचे छोटे कव्हर, नाव आणि म्होरक्याचे नाव, बस्स. साथीदारांपैकी एकाचाही उल्लेख नाही. ज्याला खरोखर ऐकायचे वेड आहे तो असे सांगत नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या रेकॉर्डबद्दल तो लिहितो : कोल्ट्रेन, 'ब्लू ट्रेन', सोबत ली मॉर्गन, कर्टिस फुलर, केनी ड्र्यू, पॉल चेंबर्स, फिली जो जोन्स, सप्टेंबर १९५७. बाहेरच्या माणसाला ही टेलिफोन डिरेक्टरी वाटेल. पण जॅझमध्ये ठरलेली चाल थोडकीच असते आणि पुढचे बरेचसे वाजवता वाजवता घडते. त्यामुळे पियानोवरचा माणूस बदलला की रेकॉर्डच बदलते. ज्याच्या नावावर ती निघाली तो वाट्याचा एक भागीदार. उरलेले चार-पाच जण वगळले तर रेकॉर्डबद्दल काय सांगितले?

पियानिस्ट टॉमी फ्लॅनगनचेच पाहा. मे १९५९ मध्ये कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'च्या मुद्रणात तो होता. कोल्ट्रेनने स्वरसंगतींची (कॉर्डची) त्यातली अवघड वळणे आधीच घोटून ठेवली होती. फ्लॅनगनच्या हातात मात्र चाल जवळजवळ आयत्या वेळी पडली, तीही अफाट लयीत. कोल्ट्रेन सुसाट सुटतो, आणि मग पियानोची पाळी येते. सुरुवातीचे काही फिकरे नेटके जुळतात, मग मधे मोकळ्या जागा पडू लागतात आणि शेवटी उजवा हात तान सोडून नुसत्या स्वरसंगती टाकत राहतो. तेवढ्यात कोल्ट्रेन परत येऊन सूत्रे हातात घेतो. या सोलोची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. पण कव्हरच्या पाठीमागची नावे वाचणाऱ्याला ठाऊक असते की याच माणसाने १९५६ साली सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सच्या 'सॅक्सोफोन कोलॉसस'वर काय सुरेख, मोजके वाजवले आहे. पुढे हाच गायिका एला फिट्झजेराल्डला वर्षानुवर्षे साथ करत होता. आणि १९८२ मध्ये बासवर जॉर्ज म्राझ आणि ड्रमवर अल फॉस्टर यांना घेऊन त्याने तीच अवघड चाल आपल्या नावावर, ऐटीत वाजवून दाखवली. एका नावाचे बोट धरून सव्वीस वर्षे फिरून येता येते. नुसत्या कव्हरवरून एवढे कुठून कळणार?

आणखी एक. त्याच 'जायंट स्टेप्स' नावाच्या रेकॉर्डवर 'नैमा' ही संथ रचना आहे. तिथे पियानोवर फ्लॅनगन नाही, विंटन केली आहे. ती डिसेंबरमध्ये, वेगळ्या बैठकीत मुद्रित झाली. हाच केली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वर फक्त एका रचनेपुरता येतो आणि बाकी सगळीकडे बिल इव्हान्स आहे. दोघांचा स्पर्श इतका निराळा की एकदा सांगितले की फरक लगेच कानात भरतो. न सांगता तो किती जणांच्या लक्षात येतो याची मला शंका आहे. आणि बासवर, म्हणजे खर्जाचे सूर धरणाऱ्या त्या मोठ्या तंतुवाद्यावर? 'ब्लू ट्रेन', 'जायंट स्टेप्स', 'काइंड ऑफ ब्लू', तिन्हीकडे पॉल चेंबर्स! या माणसाने तेहतिसाव्या वर्षी जगाचा निरोप घेतला आणि तेवढ्यात इतके वाजवून ठेवले की तुमच्या यादीतही तो नक्की कुठेतरी दडलेला असणार. त्याच्या स्वतःच्या 'बेस ऑन टॉप'ची पहिलीच रचना तो बोटांनी न छेडता गजाने वाजवतो. माझ्याकडे सध्या तीच लागलेली असते.

ही नावे आयती मिळालेली नाहीत. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडने इंडियानातल्या रिचमंडमध्ये जेनेट कंपनीसाठी 'चाइम्स ब्लूज' मुद्रित केले, त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँगचा पहिला मुद्रित सोलो आहे. लेबलवर फक्त बँडचे नाव. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या रेकॉर्डचा तो रिवाजच होता. कोण कुठे वाजवतो हे शोधले ते संग्राहकांनी : कान देऊन, वादकांना गाठून, मॅट्रिक्स क्रमांक (रेकॉर्डवर कोरलेले मुद्रणाचे क्रमांक) जुळवून, एकमेकांशी कडाकडा भांडून. फ्रेंच संग्राहक शार्ल दलोने याने १९३६ मध्ये पहिली मोठी सूची छापली, तीही असल्याच खटाटोपातून. लेखकाने ज्याला 'रिकामटेकड्यांची देवाणघेवाण' म्हटले आहे, ती हीच.

छापलेल्या नावावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हा भाग वेगळा. टोरांटोच्या मॅसी हॉलमधल्या १९५३ च्या मैफलीच्या रेकॉर्डवर सॅक्सोफोनवाला कुणी 'चार्ली चॅन' आहे. तो अर्थात चार्ली पार्कर. करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने खरे नाव घालता आले नाही. ऐकणाऱ्यांनी तेही लगेच ओळखले.

आता निम्मे ऐकणे फोनवर चालते. तिथे पडद्यावर पुन्हा एकच नाव झळकते आणि बाकीची असलीच तर चार ठिकाणी बोट दाबून शोधावी लागतात. शंभर वर्षांपूर्वीच्या लेबलाकडे आपण उलटे निघालो आहोत. अशा वेळी वर्तमानपत्रानेही तेच करावे, याचे वाईट वाटते.

जागेची अडचण मी समजू शकतो. त्यावर माझी सूचना अशी : पुढच्या वेळी रेकॉर्ड निम्म्या करा, कव्हरची चित्रे गाळा (ती पोस्टाच्या तिकिटाएवढी छापून तशीही काही दिसत नाहीत) आणि त्या जागेत प्रत्येकीचे वादक व मुद्रणाचे वर्ष द्या. तेही जमणार नसेल तर निदान पियानो आणि बास कोणाचा, एवढे तरी छापा. ट्रम्पेटवाल्याचे नाव वाचक स्वतः शोधून काढतील.

आपला,
एक नियमित वाचक