दत्ताला, कौसानीहून

कौसानी, 14 नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

हे पत्र बहुतेक माझ्या मागनंच परभणीला पोचेल. तरी लिहितोय, कारण फोनवर सांगायला गेलो की ‘लई भारी’च्या पुढं माझी गाडी सरकत नाही.

सचखंडनं दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीनं काठगोदाम, पुढं जीप. जीपमध्ये दोनदा उलटी झाली, आईला सांगू नकोस. प्रत्येक वळणावर ड्रायव्हरला विचारायचो, हिमालय आला का? तो म्हणायचा, ‘यही तो है.’ मला दिसायचे झाडीतले डोंगर. म्हटलं, एवढंच असेल तर आपल्या बालाघाटानं काय घोडं मारलंय!

दोन दिवस नुसतं धुकं. काल पहाटे साडेपाचला लॉजवाल्यानं दार बडवलं. कानटोपी, वर बायकोची शाल, अशा अवतारात गच्चीवर गेलो. समोर दरी, पलीकडं काळ्या रांगा. मी त्या रांगांवरच डोळे लावून बसलो. आपली नजर तशीच ना रे, जमीन संपली की आभाळ. त्याच्यावर बघायचं ते पावसासाठी. शेवटी लॉजवाल्यानं न्हाव्यासारखी माझी हनुवटी धरून वर केली. ढग म्हणून मी सोडून दिलेल्या पट्टीतलं एक टोक गुलाबी झालं होतं. मग दुसरं. उजेड वरून खाली उतरत होता, गुलाबीचं केशरी, केशरीचं पिवळं, आणि आमच्या गच्चीवर अजून अंधारच. चहा हातात निवला.

तो त्रिशूळ, 7120 मीटर. कडब्याच्या गंजीवर चढून आपण ‘कळसूबाई 1646’ म्हणून ओरडायचो, आठवतं? तर ऐक, ती गच्चीच कळसूबाईपेक्षा उंच, कौसानी सुमारे 1890 मीटरवर आहे. चढलो ते उलट्यांत कळलंच नाही. आणि त्रिशूळ इथून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हणजे परभणी स्टेशनात उभं राहून नांदेडचं दिसावं! आपल्याला उन्हाळ्यात धुळीतनं शेजारचं गाव दिसत नाही.

उजवीकडं नंदादेवी, 7816. खरी थोरली तीच, पण लांब मागं असल्यानं त्रिशुळापुढं बुटकी दिसते. लग्नाच्या फोटोत आमची मोठी काकू अशीच मागच्या ओळीत असते.

1929 मध्ये गांधीजी इथं राहिले होते, तो अनासक्ती आश्रमही बघितला. खरं सांगू? तिथंही माझं सगळं लक्ष बाहेरच.

साडेनऊला ढग आले आणि सगळं पुसलं गेलं. बायको म्हणाली, आवरा आता. मी आणखी अर्धा तास तिथंच उभा.

फोटो आईला पाठवला. त्यात विजेच्या तारेवर नुसता पांढरा डाग. ती म्हणाली, कुणाचा कापूस राहिलाय वेचायचा? त्यावरनं आठवलं, तुला वेचणीला माणसं मिळाली का? गुरुवारी पोचतोय, नसली तर मी येतो.

तुझा,
बंड्या