अपघाती मृत्यूंची कारणे नीट नोंदवा

'काळ आला होता' असे म्हणून आपण अपघाती मृत्यूची चौकशीच संपवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख लोक दुखापतींनी दगावतात. ५ ते २९ या वयोगटात तर रस्ते अपघात हेच मृत्यूचे पहिले कारण आहे. बहुतेक देशांच्या सकल उत्पादनाचा सुमारे ३ टक्के हिस्सा त्यात जातो. या हिशेबात उपचार आणि बुडालेली कमाई धरली जाते. पोरकी झालेली मुले कशात धरायची? अपघाताआधी, त्या क्षणी आणि नंतर काय घडले, हे वेगवेगळे तपासण्याची पद्धत अमेरिकी डॉक्टर व रस्ते-सुरक्षा तज्ज्ञ विल्यम हॅडन यांनी अर्ध्या शतकापूर्वीच घालून दिली. तरी अहवालात बहुधा 'चालकाची चूक' एवढेच असते. रस्त्याची रचना कशी होती, मदत किती वेळात पोहोचली? पोलीस आणि रुग्णालयांच्या नोंदी, नावे वगळून, एकत्र जोडून संशोधकांना उपलब्ध कराव्यात.

– एक वाचक