'परवा'ला इंग्रजी शब्द सापडला

शेफील्ड, रविवार

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

"परवा म्हणायला इंग्रजांना चार डब्यांची गाडी जोडावी लागते, द डे आफ्टर टुमॉरो!" असं तुम्ही वर्गात ऐटीत सांगायचात. आप्पा, त्यांच्याकडे शब्द होता. ओव्हरमॉरो! १५३५ साली कव्हरडेलने इंग्रजीत आणलेल्या बायबलात आहे. होऊन गेलेल्या परवाला एरयेस्टरडे असा वेगळा शब्दही होता. दोन्ही हरवून बसले बिचारे. आपला एकच परवा दोन्हीकडे राबतो, 'परवा आलो' की 'परवा येईन' ते क्रियापद बघून घेतं. शिवाय तेरवा आहेच. तुमच्या कपाटातल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने तेरव्याचा काय अर्थ दिलाय, तेवढं पाहून कळवा.

फोर्टनाइट मात्र इथे अजून सर्रास बोलतात. मी इतकी वर्षं त्याला पंधरवडाच समजत होते, पण ते फोर्टीन नाइट्स, म्हणजे चौदा रात्री. ते रात्री मोजायचे, आपण तिथी मोजतो, म्हणून आपला एक दिवस जास्त. आठवड्यालाही त्यांचा सेनाइट होता, सात रात्रींचा. तो मात्र आता जुन्या पुस्तकांतच.

हे सगळं सुचलं ते वृद्धाश्रमातल्या एका आजोबांमुळे. जन्म पोलादाच्या कारखान्यात गेलेला. जून महिन्यात मी स्वेटर घालून खिडकी लावायला गेले, तर म्हणाले, "नेश आहेस!" मला वाटलं, शिवी दिली. सोबतची नर्स हसायला लागली. नेश म्हणजे जरा वारा लागला की कुडकुडणारा माणूस. जुन्या इंग्रजीत अर्थ होता मऊ, कोवळा. हजार वर्षांपूर्वीचा शब्द, लंडनकडच्यांना कळेलच असं नाही, आणि इथे चहा देता देता कानावर पडतो. बोळाला हे लोक जेनल म्हणतात, रुसूबाईला मार्डी. आजोबा स्वतः पक्के मार्डी आहेत, पण ते त्यांना कोण सांगणार?

सगळ्यात गंमत 'दाऊ'ची. तुम्ही शिकवताना तो भारदस्त, देवाधर्माचा शब्द वाटायचा. प्रत्यक्षात तो आपला साधा 'तू'! 'यू' हा 'तुम्ही' होता. सगळ्यांनाच आदराने यू म्हणता म्हणता तू संपला, आणि प्रार्थनेत तेवढा उरला म्हणून सोवळा झाला. आपले तुकोबा विठोबाला कुठे अहो-जाहो करतात? तसंच ते होतं. या गावातली जुनी माणसं मात्र अजून आपसांत त्याच 'दाऊ'चं 'दी', 'दा' करतात, म्हणून शेजारच्या गावचे लोक शेफील्डवाल्यांना 'डी-डा' म्हणून चिडवतात. आजोबांनी परवा (झालेल्या परवा!) मला पहिल्यांदा 'दा' म्हटलं. मी मनातल्या मनात त्याचं मराठी केलं आणि औषधाचा ट्रे घेऊन उगाच तिथेच उभी राहिले.

बाकी ठीक. आईला सांगा, शाल पोचली. रात्रपाळीला पांघरते, पण आजोबांची खोली आली की घडी करून खुर्चीमागे लपवते.

तुमची,
मनू