सराव-मुलाखती कॉलेजातच घ्या

संपादक महोदय,

मिरामार, मडगावच्या कायदा महाविद्यालयांतली मुलं मूट कोर्ट, म्हणजे सरावाचे लुटुपुटीचे खटले, गाजवतात; पण वकिलांच्या ऑफिसातल्या दहा-पंधरा मिनिटांच्या पहिल्या मुलाखतीत अडखळतात. ‘इंटर्नशिपमध्ये काय केलंस?’ विचारलं की ‘ड्राफ्टिंग, रिसर्च’ एवढंच उत्तर. इन्व्हेंटरी प्रकरणात (मृताच्या मालमत्तेच्या वारसांमधल्या वाटणीच्या कामात) वारसांची यादी कशी केली, पर्वरीला उच्च न्यायालयात कोणती सुनावणी ऐकली, हे पक्षकाराचं नाव न घेता नीट सांगता यायला हवं. 2012 चा गोव्याचा वारसा कायदा तर आपल्या मुलांची जमेची बाजू, आणि बायोडेटात नेमका तोच नसतो. शेवटच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांना बोलावून सराव-मुलाखती घ्याव्यात, चुका तिथल्या तिथे दाखवाव्यात. ज्यांच्या घरात कुणी वकील नाही, त्या सत्तरी-सांगेच्या मुलांना याची सर्वाधिक गरज आहे.

— एक वकील, फोंडा