तुम्ही माझ्या वहीत मारलेल्या रेघा

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या हातात एक वही होती. लेक सात महिन्यांची, तापाचा दुसरा दिवस. वहीत मी दर तासाला थर्मामीटरचा आकडा टिपला होता. १०१.२, १०१.८, १००.९, १०२.४. रात्रीचे तीन, चार, पाच, एकही तास सुटला नव्हता. खरं सांगतो, मला त्या वहीचा थोडा अभिमानच वाटत होता. तुम्ही ती घेतलीत, दोन पानं उलटलीत आणि विचारलंत, ‘‘काल सकाळपासून लघवी किती वेळा झाली?’’

मी बायकोकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. दोघांनाही सांगता येईना.

‘‘दूध नेहमीसारखं पितेय? ताप उतरला की खेळते?’’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेकीनंच दिलं. तुमच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपची नळी ओढून तिनं तोंडात घातली. तुम्ही हसलात, पेन काढलंत आणि माझ्या वहीत उभ्या रेघा मारल्यात. दूध, लघवी, खेळ, श्वास. तापाचा रकाना सगळ्यात शेवटी, बारीकसा. ‘‘आणि झोपलेल्या बाळाला ताप मोजायला उठवायचं नाही,’’ असं वर. त्या दिवशी औषध लिहिलंत ते एकच, पॅरासिटामॉल. तेही तापामुळे बेचैन झाली तर. बाहेर पडताना मी बायकोला म्हणालो होतो, ‘‘एवढंच?’’

गेल्या सहा वर्षांत ती वही भरली, दुसरीही निम्मी झाली. हे पत्र त्या ‘एवढंच’बद्दल आहे.

पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर तुम्ही चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे. ‘या गोष्टी दिसल्या तर वाट पाहायची नाही’ असा मथळा आणि खाली तुमच्या अक्षरात: काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, सहा ते आठ तासांत लघवी नाही, हाक मारून-हलवून नीट जागं होत नाही, आकडी, श्वास जोरात चाललाय, अंगावरचे लाल-जांभळे डाग काचेचा पेला दाबला तरी फिके पडत नाहीत. सर्वांत वर, चौकटीत: ‘तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, तर थेट या.’ लेक तेव्हा त्या वयाच्या पुढे गेली होती, म्हणून मी विचारलं, हे कशाला? ‘‘दुसरं होईल तेव्हा चिठ्ठी शोधत बसाल,’’ म्हणालात. दुसरं झालं. चिठ्ठी शोधावी लागली नाही.

औषधाच्या मापाची गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. लेक दहा किलोची होती. आदल्या वेळी आणलेल्या पॅरासिटामॉलच्या बाटलीतलं औषध ५ मिलीत १२० मिलिग्रॅम होतं, त्यामुळे ‘पाच मिली’ हे डोक्यात पक्कं बसलेलं. रात्री नवीन बाटली उघडली, मापाच्या टोपणात पाच मिली ओतलं आणि केवळ दोन डोसमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं हे विचारायला तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘‘बाटली हातात घ्या. लेबल मोठ्यानं वाचा.’’ मी वाचलं. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तुम्ही मला शाळेतल्या गणितासारखं ते करून घ्यायला लावलंत: किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, दहा किलोला शंभर ते दीडशे, म्हणजे या बाटलीतून अडीच मिली. दोन डोसमध्ये चार ते सहा तास, आणि आठवण म्हणून डोसची वेळ वहीत. ओरडला नाहीत. ‘‘लहान बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, ती तर याहून दाट,’’ एवढी भर घातलीत. नाव तेच, खोका जवळजवळ तसाच आणि औषध दुप्पट! या बाटल्या अशा का बनवतात हा प्रश्न मी आजही विचारतो. पण तेव्हापासून आमच्या घरात ‘किती मिली’ असं कुणी विचारत नाही, ‘किती मिलिग्रॅम’ असं विचारतात. घरातला चमचा तर औषधासाठी बादच झाला.

आता कबुली. तिला सर्दी-खोकला झाला होता, नाक हिरवट वाहत होतं. मी अँटिबायोटिक मागितलं. तुम्ही म्हणालात, सर्दी विषाणूची आहे, अँटिबायोटिक जीवाणूंवर चालतं. नाकाचा रंग बदलला म्हणून आजार बदलत नाही. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षाकाठी आठ-दहा वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच. खोकला रेंगाळेल, पण दम लागला किंवा ताप जाऊन पुन्हा आला तर लगेच दाखवा. मला ते पटलं नाही. मी दुसरीकडे गेलो आणि हवं ते लिहून घेतलं. सर्दी जायची त्याच दिवशी गेली, मध्ये तीन दिवस तिला जुलाब झाले ते वेगळे. पुढच्या वेळी तुम्ही विचारलंत, ‘‘मागची सर्दी कशी गेली?’’ आणि मी म्हणालो, ‘‘आपोआप.’’ खोटं नव्हतं म्हणा, पण खरंही नव्हतं. तुम्हाला बहुधा कळलं होतं.

जुलाब-उलट्यांचा मोठा प्रसंग नंतरचा, लेक दोन वर्षांची असतानाचा. मी ओआरएसची पुडी अंदाजानं अर्धी पेल्यात टाकली होती, ‘जरा स्ट्राँग’ म्हणून. ते ओतून द्यायला लावलंत. अख्खी पुडी, अख्खं एक लिटर पाणी, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. दाट केलं तर मीठ जास्त होऊन मुलाला आणखी त्रास होतो, आणि साखर प्रमाणात का लागते तेही सांगितलंत: जुलाब चालू असतानाही आतडं ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ‘‘पण ती लगेच उलटी करते,’’ मी. ‘‘दहा मिनिटं थांबा. मग एक चमचा. दोन-तीन मिनिटांनी आणखी एक.’’ आम्ही नवरा-बायकोनं पाळी लावली. एकानं चमचा, एकानं घड्याळ. पहाटे तिनं भरपूर लघवी केली तेव्हा आम्ही दोघं चक्क एकमेकांना टाळी दिली.

त्या रात्रीनंतर मी या पुडीविषयी वाचत बसलो. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून, पेल्यापेल्यानं नातेवाइकांच्याच हातून पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. नातेवाइकांच्याच हातून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही आमच्या हातात चमचा दिलात तोही त्याच जातीचा विश्वास होता. (झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायला सांगितल्या होत्यात. जुलाब चौथ्या दिवशी थांबले, तरी आम्ही चौदाच्या चौदा दिल्या. तेवढं श्रेय आम्हाला असू द्या.)

आकडी आली तेव्हा ती अडीच वर्षांची होती. ताप एकदम चढला, डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले. माझी आई चमचा घेऊन धावली, दातांत घालायला. आधीच्या एका भेटीत तुम्ही सहज म्हणून गेला होतात, ‘‘तोंडात काही घालायचं नाही, घट्ट धरायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ताबडतोब दवाखाना.’’ तेव्हा मी मान डोलावली होती, ऐकलंय असं मला वाटलंही नव्हतं. पण आईचा हात मी धरला, लेकीला कुशीवर केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. अडीच मिनिटं. आयुष्यातली इतकी लांब अडीच मिनिटं दुसरी नाहीत.

तुम्ही तिला तपासलंत, तापाचं कारण शोधलंत आणि मग आम्हाला बसवलंत. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात अशी आकडी येते. साध्या, थोडा वेळ टिकणाऱ्या आकडीनं मेंदूला इजा होत नाही. साधारण तिघांतल्या एकाला ती पुन्हा येऊ शकते, आणि तापाचं औषध वेळेवर दिलं म्हणून ती टळतेच असं नाही. हे शेवटचं वाक्य ऐकताना बायको रडली. मला वाटलं, घाबरली. घरी आल्यावर म्हणाली, आपण औषध उशिरा दिलं म्हणून झालं असं तिला दिवसभर वाटत होतं. तुम्ही ते न विचारताच ओळखलं होतंत का, हे विचारायचं राहिलंय.

वजनाबद्दल थोडक्यात. लेक तक्त्यावर कायम खालच्या रेषेपाशी, पंधराव्या पर्सेंटाइलला. येणारा-जाणारा ‘बाळसं धरत नाही’ म्हणायचा. तुम्ही तक्ता उलटा करून आमच्यासमोर ठेवलात: हा जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये आणलेला तक्ता, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या निरोगी मुलांवरून केलेला. शंभर निरोगी मुलं वजनानं ओळीत उभी केली तर कुणीतरी पंधरावं असणारच. ती स्वतःच्या रेषेनं वर जातेय. ‘‘रेष सोडून खाली घसरली तर मी तुमच्याआधी काळजी करीन,’’ म्हणालात. त्यानंतर मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तर देणं सोडून दिलं.

आणि धाकटा. नऊ महिन्यांचा, खोकला. तुम्ही अंगातलं वर करून, तो शांत असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला शिकवलं होतं. अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालणार नाही, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. तेवढा किंवा त्याहून जास्त भरला की तो जोराचा श्वास. वहीत त्या तारखेला आहे: रात्री नऊ, ४४. रात्री एक, ४६. पहाटे चार, ५८, बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय. ताप त्या वेळी होता जेमतेम १००. जुन्या वहीच्या हिशेबानं मी त्याला झोपू दिलं असतं. तुम्ही रुग्णालयात आमच्याआधी पोचला होतात. न्यूमोनिया निघाला. दोन दिवस ऑक्सिजन, नंतर अँटिबायोटिक. या वेळी तुम्हीच दिलंत, आणि ‘‘सगळा कोर्स संपवायचा’’ असं मला बोटानं दाखवत म्हणालात. म्हणजे मागची गोष्ट तुम्हाला नक्कीच माहीत होती.

तिथं खुर्चीवर बसून मी तुमचे आभार मानायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही मध्येच तोडून म्हणालात, ‘‘मोजलं तुम्ही.’’ तेव्हा राहिलेलं आज लिहितोय. मोजलं मी, हे खरं. पण काय मोजायचं ते मला माहीत नव्हतं, डॉक्टर. ते तुम्ही सांगितलंत, बाहेर वीस मुलं रडत असताना, प्रत्येक वेळी पाच मिनिटं जास्त देऊन. त्या पाच मिनिटांचं बिल तुम्ही कधी लावलं नाहीत.

पुढच्या आठवड्यात दोघांना वजन-उंचीसाठी आणतोय. वही आणतो. मागच्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत: धाकट्याचं घोरणं, लेकीच्या दातांतली फट, आणि तिसरा माझ्या स्वतःच्या गुडघ्याबद्दल आहे. तो टाळलात तरी चालेल.

आपला,
दोन मुलांचा बाप